पेटीच्या दोन कड्या

गेनू मुकादम देवमाणूस होता, असं पिंपरीत अजूनही कोणी म्हणालं की मी ऐकून सोडून देत नाही. भांडतो. समोरचा गिऱ्हाईक असला तरी भांडतो. हातातलं कापड बाजूला ठेवतो आणि विचारतो, "तुम्ही त्याच्या हाताखाली खेळलात का? नाही ना? मग गप्प बसा." माझी बायको म्हणते, तुम्ही त्या माणसाबद्दल इतकं बोलता की लोकांना वाटावं तो तुमचा बाप होता. बाप नव्हता. बापाला मी केव्हाच माफ केलं आहे.

तोंडावर मी त्याला शेवटपर्यंत 'अहो मुकादम' म्हणत आलो. कागदावर म्हणणार नाही.

देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोत तो हमालांचा मुकादम होता. सकाळच्या गाडीने जायचा, पाळी संपली की परत यायचा आणि घरी न जाता थेट गावच्या तालमीत. तालमीची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली असायची. बुटका, मानेचा पत्ता नाही, आणि डोक्यावर विटकरी पडलेला तांबडा पटका. तो पटका उतरलेला कोणी पाहिला नव्हता. एकदा एकाने मस्करीत पटक्याला हात लावला. मुकादमाने त्याच हाताची करंगळी धरून त्याला तालमीतल्या मारुतीपुढे नेलं, माफी मागायला लावली, आणि मग करंगळी मोडली. क्रम लक्षात घ्या. माफी आधी, करंगळी नंतर.

आम्ही सिंधमधून आलेली माणसं. गावापलीकडच्या बराकींत सरकारने आम्हाला आणून टाकलं होतं; त्याला सगळे कॅम्प म्हणत. गाव आणि कॅम्प यांच्यात हाकेचं अंतर होतं, पण हाक कोणी मारत नव्हतं. दगड मारत. आमची पोरं नदीवर जाताना गावच्या मळ्यातून गेली की गावची पोरं गोफणी काढत. आमची पोरंही गप्प बसणारी नव्हती. एका संध्याकाळी गावच्या एका पोराचा डोळा थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी कॅम्पातल्या दोन हातगाड्या नदीत उलट्या पडलेल्या सापडल्या. त्याच दुपारी मुकादम कॅम्पात आला. एकटा. हातात काठीसुद्धा नव्हती. बराकींसमोर उभा राहून तो म्हणाला, "लांबनं दगूड मारायला काय लागतंय? बाया बी मारत्यात. हुतूतूला या. हात धरून मारा."

आम्ही नऊ जण गेलो. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. खरं सांगतो, मला खेळायची हौस नव्हती. बराकीत माझा बाप दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा आणि तिथून उठून जायला दुसरी जागा नव्हती.

पहिल्या दिवशी त्याने आम्हाला ओळीने उभं केलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "मागं काय सोडून आलास?" आम्हाला वाटलं, कळवळ्याने विचारतोय. कोणी म्हणालं हवेली, कोणी आंबराई, कोणी घोडी. मी म्हणालो, दुकान. बापाचं कापडाचं दुकान होतं, रस्त्याला लागून, निळ्या दारांचं. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून तीच आमची नावं ठेवली. "ए हवेली, कंबरंत वाक!" "घोडे, लाथा नगं झाडूस!" "दुकाना, दम कुटं ठिवलास? सिंधमधीच ऱ्हायला का?" गावची पोरं पोट धरून हसायची. रोज संध्याकाळी, शंभर वेळा, आपलं गेलेलं घर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. आमच्यातला अर्जन त्या प्रश्नाला म्हणाला होता, "बहीण." मुकादमाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्याकडे वळला. अर्जनला तो अर्जनच म्हणायचा. बाकी कोणाला सुटका नव्हती. हवेली म्हणायचे त्या पोराला एकदा रडू फुटलं, तेव्हा मुकादम म्हणाला, "रड. पर चढाई करून ये आन् मग रड."

गावच्या पोरांना तो कमी छळायचा असं नाही. पाटलांचा मुलगा नामदेव, ज्याला सगळे नाम्या म्हणत, त्याचं नाव त्याने 'सातबारा' ठेवलं होतं. "ए सातबारा, बापाची जमीन हाय म्हनून मैदान तुजं न्हाई!" हे पाटलांच्या कानावर गेलं तेव्हा पाटील हसले, पण त्यांचं हसणं मला चांगलं दिसलं नाही. पाटील तालमीच्या पंचांमधले मुख्य. कॅम्पाची पोरं तालमीत घ्यायला त्यांचा विरोधच होता. शेवटी त्यांनी मुकादमाला एक अट घातली, ती आमच्या देखत, म्हणजे आम्हालाही कळावी म्हणून. "एक जत्रा देतो तुला, गेनू. थेरगावच्या जत्रंत हुतूतूची ढाल आनलीस तर ऱ्हाऊ देत तुजे पाव्हणे. न्हाई आनलीस तर ह्यांनी पुन्हा उंबरा चढायचा न्हाई, आन् किल्ली हितं ठेवायची. माज्या म्होरं."

"ठेवतो," मुकादम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पट्ट्या आणल्या. जुन्या धोतराच्या फाडलेल्या, चांगल्या हातभर लांब आणि तीन बोटं रुंद. एक गावचा, एक कॅम्पाचा, अशा जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीची मनगटं एकमेकांना बांधून टाकली. माझा डावा हात नाम्याच्या उजव्या हाताला. दुकान आणि सातबारा.

"हे काय, मुकादम?" नाम्याने विचारलं.

"डेपोत पेट्या असत्यात. लई जड. दोन अंगाला दोन दोराच्या कड्या. ज्या दोगांचं भांडान असतंय त्यास्नी मी एका पेटीला लावतो. आत दारू हाय. एकानं कडी सोडली तर दोगं बी जात्यात." त्याने तंबाखू मळली. "म्हनून कोन सोडत न्हाई."

अंधार पडेपर्यंत बांधलेलं राहायचं. पळायचं बांधलेलं, बैठका बांधलेल्या, झाडामागे जायचं तेही बांधलेलं. चौथ्या दिवशी नाम्या आणि मी भांडलो. मी त्याला ढकललं म्हणून त्याने माझ्या बापाला शिवी दिली, आणि मी तापट माणूस, तेव्हाही होतो. मुकादमाने सोडवलं नाही. उलट बाकीच्यांना बाजूला सारून जागा करून दिली. "मारा. पर बांधलेला हात वापरायचा न्हाई." मोकळ्या हातांनी आम्ही एकमेकांना किती मारलं याचा हिशेब नाही. नाम्याचा ओठ फुटला, माझी भुवई. बांधलेले हात मधे लोंबत होते, एकमेकांत अडकलेले. शेवटी दोघंही दमून खाली बसलो, आणि खाली बसतानाही बरोबर बसावं लागलं. मुकादम म्हणाला, "झालं? आता धा बैठका."

पाण्याची गोष्ट गावात अजून सांगतात, आणि ती ऐकूनच लोक त्याला देवमाणूस म्हणतात. तालमीच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता. आम्हा कॅम्पवाल्यांना त्यात हात घालायची मुभा नव्हती. ओंजळ धरायची आणि गावच्या कोणीतरी वरून ओतायचं. बांधलेल्या हातांनी नाम्या पाणी प्यायला गेला तेव्हा त्याच्या हाताबरोबर माझाही हात रांजणात गेला. तालमीत रोज बसायला येणारा एक म्हातारा ओरडत उठला, "आरं, बाटवला! गेनू, रांजण बाटवला!"

"आबा," मुकादम म्हणाला, "हात नाम्याचा हाय. दुसरा त्याला चिकटलाय."

"सोड मंग त्याला!"

"सोडतो की. ढाल आल्यावर."

त्या दिवसापासून रांजण आमचाही झाला. लोक हसून हे सांगतात. मीही तेव्हा हसलो होतो. ते पाणी मला आठवतं. त्यात नाम्याच्या फुटलेल्या ओठातलं रक्त आलं होतं.

पाच-सहा महिने आम्ही असे बांधलेले होतो. पुढे पुढे पट्टीची गरज राहिली नाही. मुकादमाने सोडलं तरी नाम्या डावीकडे सरकला की माझे पाय आपोआप डावीकडे जात. तो थांबला की मी थांबे. हुतूतूत बचाव करणारे गडी एकमेकांचे हात धरून साखळी करतात. आमची साखळी धरायला लागत नव्हती, ती असायचीच. बाजारात कांदे घेताना मी एकदा नाम्याबरोबर दुसऱ्याच दुकानात शिरलो आणि मग लक्षात आलं की मला तिथे काही घ्यायचं नव्हतं. मुकादम हे सगळं बघायचा. चांगलं झालं असं तो कधी म्हणाला नाही. एकदा फक्त म्हणाला, "पेटी उचलली."

थेरगावच्या जत्रेत आम्ही दोन सामने मारले. शेवटचा सामना आकुर्डीशी. पाच गावची माणसं मैदानाभोवती होती, झाडांवर होती. पाटील खुर्चीवर. मुकादम आमच्या अंगाला, रेषेबाहेर, उकिडवा बसलेला. शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. आमच्या बाजूला दोघंच जिवंत उरलो होतो, नाम्या आणि मी. बाकीचे बाद होऊन रेषेबाहेर बसले होते. आकुर्डीचा उंच गडी हुतूतू घुमवत चढून आला. आम्ही हात धरून मागे सरकलो. त्याने एक झेप घेतली, नाम्याच्या खांद्याला बोट लावलं आणि पळाला.

"मेला!" सामन्याचा पंच ओरडला. नाम्या बाद. गुण बरोबरीत. अजून मी होतो, आणि पुढची चढाई माझी होती. माझा दम त्या दिवशी चांगला होता, हे मी आजही सांगतो.

नाम्या बाहेर जायला वळला. त्याने माझा हात सोडला नाही. सोडायचा असतो हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि माझे पाय त्याच्याबरोबर निघाले. त्यांनीही विचारलं नाही. एक, दोन, तीन पावलं, आणि आम्ही दोघंही रेषेबाहेर होतो. मैदानात आमचं कोणीच उरलं नव्हतं.

पंचाने दोन बोटं वर केली. दुसरा गडी आपणहून हद्दीबाहेर. सगळा संघ बाद. सामना आकुर्डीचा.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग हसू सुरू झालं. झाडांवरून सुरू झालं आणि खाली आलं. नाम्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आरं, तू कशाला आलास?" हात अजून त्याच्या हातात होता. तेव्हा त्याने सोडला.

पाटील खुर्चीवरून उठले. मुकादमाकडे हात पसरला. किल्लीसाठी.

मुकादम उभा राहिला. आम्ही त्याच्यापासून चार हातांवर होतो. नाम्याने मला कसं नेलं, हे त्याच्याइतकं जवळून कोणीच पाहिलेलं नव्हतं. त्याने पाटलांकडे पाहिलं, नाम्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे बोट करून पाच गावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "निर्वासितच शेवटी! जागा सोडून जायची सवयच हाय ह्याच्या पायाला!"

असं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. पाटीलही हसले. हसता हसता त्यांचा हात खाली आला. मुकादम त्याच दमात पुढे बोलला, "पाटील, ह्यो उद्यापासनं न्हाई. बाकीची पोरं बरी हायेत. दोन गडी चांगले काढून देतो तुमाला."

"बाकीच्यांचं बघू," पाटील म्हणाले.

नाम्या खाली बघत होता. माझ्या बाजूचे कॅम्पाचे आठ जणही खाली बघत होते. अर्जनसुद्धा.

घरी गेलो तेव्हा बातमी आधीच पोचली होती. बाप भिंतीकडे तोंड करून होता. मी सगळं सांगितलं, तो काय बोलला, कसा बोलला. बापाने वळूनही पाहिलं नाही. आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, "खोटं काय बोलला तो?"

मी पुन्हा तालमीकडे फिरकलो नाही. खांद्यावर कापडाचा गठ्ठा टाकला आणि गावोगाव फिरायला लागलो. थेरगाव, आकुर्डी, निगडी. मुकादमाचं वाक्य माझ्या आधी पोचलेलं असायचं. ओट्यावर कापड पसरलं की एखादी म्हातारी म्हणायची, "भाव जमला न्हाई तर जागा सोडून पळू नकोस रं बाबा!" आणि सगळ्या बाया हसायच्या. मी पळालो नाही. लुगडं विकलं गेल्याशिवाय मी ओटा सोडायचा नाही असं ठरवलं, मग ऊन डोक्यावर येवो की कुत्री अंगावर येवोत. लोक कंटाळून घ्यायचे. असा मी माणूस झालो. कोणी म्हणेल, हेही मुकादमानेच केलं. म्हणून बघा माझ्यासमोर.

पुढच्या वर्षी त्याच्या संघाने थेरगावची ढाल आणली. नाम्याच्या हाताला आता अर्जन बांधलेला होता. त्यानंतर गाव आणि कॅम्प एक झाले, असं म्हणतात. दगड थांबले हे खरं. आमच्या पोरांची मराठी गावच्या पोरांसारखी झाली, शिव्यांसकट. नाम्याच्या लग्नात कॅम्पाची पंगत गावच्या पंगतीतच बसली. मलाही आमंत्रण होतं. गेलो नाही. पण लग्नाचं कापड त्यांनी माझ्याकडूनच नेलं. तोवर कॅम्पाच्या बाजारात माझं दुकान झालं होतं. दारं मी निळीच लावली. नाम्या अजून येतो, चहा घेतो. त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द बोललेलो नाही.

जत्रेच्या त्या सामन्याला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मुकादम माझ्या दुकानाची पायरी चढला. पहिल्यांदाच. तोच पटका, आता रंग कुठला ते सांगता येत नव्हतं. बसला नाही.

"मांजरपाट दे, दुकाना. जाडं. फाटनार न्हाई असं. धा वार."

"पोरं बांधायला?"

"व्हय. धोतरं संपली माजी." त्याने चंची काढली. "औशिदाच्या कारखान्यात कोकणातली पोरं आल्यात कामाला. त्या वाटंवर नळ हाय, तितं त्यास्नी पानी भरू देत न्हाईत. काल एकाचं डोस्कं फोडलं."

"कोण देत नाही?"

"तुमची आन् आमची. मिळून. आता एका पंगतीला बसत्यात न्हवं का." तंबाखू मळत त्याने माझ्याकडे पाहिलं. "दगूड तुज्या धाकट्या भावानं मारला."

मी मांजरपाटाचं ठाण काढलं, दहा वार मोजून फाडले, घडी घालून फळीवर ठेवले आणि त्यावर हात ठेवला. माझा आवाज चढतो. त्या दिवशी चढू दिला नाही.

"फुकट घेऊन जा, मुकादम. हे संपलं की पुढचंही फुकट. दर वर्षी. माझं एकच मागणं आहे. त्या दिवशी चूक झाली, एवढं म्हणा. इथे कोणी नाही. मला एकट्याला म्हणा."

कुठला दिवस, असं त्याने विचारलं नाही. तंबाखू ओठाखाली ठेवली.

"नाम्यानं हात सोडला न्हाई. मी बगितलं हुतं."

सात-आठ वर्षं मी या एका गोष्टीबद्दल रस्त्यात लोकांशी भांडत आलो होतो. "मग?"

"मग काय. पाटलाच्या पोराचं नाव घेतलं असतं तर किल्ली गेली असती. तुजं घेतलं. आठ पोरं आत ऱ्हायली." तो माझ्या दुकानाकडे, कपाटांकडे, ठाणांच्या चळतींकडे बघत होता. "तू येपारी हायेस. तूच सांग, सौदा महाग पडला का?"

महाग नव्हता. मी त्याच्या जागी असतो तर मीही तोच माल दिला असता, आणि तितक्याच झटकन. म्हणून तर माझ्या अंगाची आग झाली.

"चूक झाली म्हणा."

"चूक न्हवती."

"मग कापड नाही."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, हाताखालच्या घडीकडे पाहिलं. घासाघीस केली नाही. "बरं," म्हणाला, आणि पायरी उतरला. पायरी उतरलेलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरून परत येतं, हे मी धंद्यात शिकलो होतो. मी फळीवरची घडी तशीच ठेवली आणि दुकान बंद करेपर्यंत तिथेच उभा राहिलो. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सायकलवरून कारखान्याच्या वाटेने चाललो होतो. नळाजवळच्या मोकळ्या जागेत पोरं उभी होती, दोघादोघांनी. ओळखायला मला एक क्षण लागला, कारण मुकादमाच्या डोक्यावर काही नव्हतं. डोकं लहान होतं, पांढऱ्या खुंटांचं, उन्हाने न भाजलेलं, एखाद्या आजारी माणसाचं असावं तसं. पटक्याशिवाय तो अर्धाच दिसत होता. पोरांच्या मनगटांवर विटकरी पट्ट्या होत्या. तो माझ्या धाकट्या भावाचा हात एका काळ्या, किडकिडीत कोकणी पोराच्या हाताला बांधत होता. त्या पोराच्या कपाळावर चिंधी होती. कोणीही हसत नव्हतं.

मी एक पाय जमिनीवर टेकवून थांबलो. मांजरपाटाची घडी माझ्या सायकलच्या मागे बांधलेली होती. का बरोबर घेतली होती, ते मला विचारू नका.

भावाने मला पाहिलं आणि मान वळवली. मुकादमानेही वर पाहिलं. गाठीचं एक टोक दातांत धरून त्याने ती आवळली, तोंड मोकळं केलं आणि माझ्या भावाचं डोकं हाताने पुन्हा मैदानाकडे फिरवलं.

"तिकडं बगू नगंस," तो म्हणाला. "त्यो चाललाय."

आणि माझा पाय खरोखरच पायडलवर होता.